हिरव्या दिव्याचं पाणी

कॉलेजला ग्रेड देणारी समिती येणार हे नक्की झालं आणि कॉलेजच्या अंगातच आलं. एरवी संस्थापक अण्णासाहेबांच्या फोटोवरची धूळ पुसायला कुणाला सवड नसायची, आता फोटोच काय, फोटोमागची भिंतसुद्धा घासून झाली. लॅबमधल्या यंत्रांना रंग दिला. बंद होती ती यंत्रं बंदच राहिली, पण आता निळी झाली. बॉयलरला तर असला सढळ हातानं रंग फासला की त्याचं झाकणच चिकटून बसलं. उघडायला कोण जाणार होतं म्हणा! ग्रंथालयात पहिल्या वर्षाच्या पोरींना बसवून पुस्तकांच्या पानांचे कोपरे दुमडायला लावले, म्हणजे पुस्तकं वाचली जातात असं दिसावं. शिकवायला माणसं कमी होती तर शेजारच्या तालुक्यातून मास्तर उसने आणले. त्यांना आपण कोणता विषय शिकवतो हे पाठ करायला दोन दिवस दिले होते, तरी एकजण शेवटपर्यंत चुकत होता.

मड्याला पावडर लावतात ना, तसला सगळा प्रकार. आणि अभिनंदन मगदूमला त्याची नुसती शिसारी येत होती. हातकणंगल्याकडचा हा पोरगा, मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला. हॉस्टेलात सगळे त्याला मगदूम म्हणायचे, आणि त्याच्या खोलीतला नागनाथ घोणसे तेवढा अभ्या म्हणायचा. पण नाग्या आता खोलीत नव्हता. त्याची गादी गुंडाळून खाटेवर उभी केलेली होती आणि मगदूम येता-जाता तिच्याकडे बघायचं टाळत होता.

नाग्याचं असं झालं. मेसच्या मागे जमिनीत पाण्याचा हौद आहे. त्यातलं पाणी वर टाकीत चढतं, टाकीतून मेसमध्ये येतं, आणि तेच पोरं पितात, त्यातच आमटी शिजते. आमटी म्हणजे तरी काय, कोमट पाण्यात हळद आणि वर कधी आलाच तर एखादा तुरीचा दाणा. चपातीचा आवाज यायचा ताटात टाकली की. पोरं हसून खायची, कारण हसलं नाही तर खाणं शक्य नव्हतं. पण पाण्याला वास यायला लागला तेव्हा हसणं थांबलं. नाग्यानं एका दुपारी हौदाचं झाकण उचललं, आणि उचललं तसं टाकून बाजूला जाऊन ओकला. हॉस्टेलच्या संडासाचा पाईप हौदाच्या भिंतीला घासून गेलेला होता आणि त्याचा जोड फुटलेला होता. ते घाण पाणी भिंतीतून हौदात झिरपत होतं. दिसत होतं डोळ्यांनी.

नाग्या तडक गेला गुंजाळ सरांकडे. गुंजाळ सर म्हणजे मेकॅनिकलचे विभागप्रमुख, हॉस्टेलचे रेक्टर आणि समितीच्या तयारीचे मुख्य. अण्णासाहेबांच्या सख्ख्या मेहुण्याचे व्याही, त्यामुळे उरलेलं सगळंही तेच.

"तू कुठल्या ब्रँचचा?" गुंजाळ सरांनी विचारलं.

"मेकॅनिकल, सर. तुमच्याच वर्गात हाव मी."

"मग सिव्हिलच्या कामात नाक कशाला खुपसतोस?"

"नाक खुपसलं न्हाई सर, वास आपोआप आला."

गुंजाळ सर उठून खिडकीपाशी गेले, हौदाच्या दिशेनं तोंड करून दोनदा मोठ्यानं श्वास घेतला. "कसला वास? मला तर काही येत नाही," म्हणाले आणि परत येऊन बसले. विषय संपला.

पुढच्या महिन्यात नाग्याचे डोळे पिवळे झाले. त्याच्यामागून आणखी पोरं पडली, मुलींच्या हॉस्टेलातल्याही पडल्या. कॉलेजनं काय केलं? नोटीस लावली. विद्यार्थ्यांनी फाट्यावरची पाणीपुरी खाऊ नये. फाट्यावरच्या गाडेवाल्याला वॉचमन पाठवून हुसकून लावलं. नाग्याला चिंचेचं वावडं, त्यानं जन्मात पाणीपुरी खाल्ली नव्हती. पण हे ऐकून घ्यायला कोण बसलंय!

जिल्ह्याच्या दवाखान्यात मगदूमच त्याला घेऊन गेला. नाग्याचे वडील उदगीरकडून येईपर्यंत तोच बसला, आणि ते आल्यावरही तोच बसला, कारण धोतर सावरत त्या दवाखान्याच्या जिन्यांवर ते बिचारे नुसते चुकत होते. नाग्याच्या पोटात पाण्याचा घोट ठरत नव्हता. हाताला सुया टोचून टोचून काळंनिळं झालेलं. एकदा ग्लानीत तो म्हणाला, "अभ्या, सबमिशन राहिलं बे," आणि मगदूमला तिथंच रडू फुटलं. शेवटी तो जरा सावरल्यावर वडील त्याला गावी घेऊन गेले.

मगदूम परत आला तर फलकावर त्याचं नाव झळकत होतं. डिटेन. हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली, म्हणून परीक्षेला बसायचं नाही, म्हणजे सगळं वर्षच पाण्यात. त्याच फुटक्या हौदातल्या पाण्यात.

त्यानं दवाखान्याचे कागद नेऊन दाखवले.

"आजारी तू होतास का?" गुंजाळ सर.

"न्हाई सर. नागनाथ होता."

"मग कागद त्याचे, हजेरी तुझी. मेळ कसा घालायचा मी?"

मगदूमनं कागदांची घडी घातली. घरी वडील पिठाची गिरणी चालवायचे आणि दळणाला येईल त्या प्रत्येक बाईला 'आमचा अभिनंदन पुढच्या साली इंजिनेर' हे दळणाबरोबर फुकट ऐकवायचे. त्यांना काय सांगायचं? तो नुसता उभा राहिला. गुंजाळ सरांना असं उभं राहिलेलं पोरगं बरोबर कळायचं. खाटकाला बकरं कळतं तसं.

"बस," ते एकदम मऊ आवाजात म्हणाले. "तुझा हात चांगला आहे म्हणतात वर्कशॉपमध्ये. एक काम आहे. कर. आणि समितीपुढे चार वाक्यं बोल. तुझं नाव त्या यादीत होतं हे मी विसरून जाईन."

काम असं होतं. टेम्पोतून पाणी शुद्ध करायचं एक यंत्र आलं होतं. कपाटाएवढं, चकचकीत स्टीलचं, पुढे नळ, वर हिरवा दिवा, आणि दिव्याखाली निळ्या अक्षरांत 'शुद्ध पेयजल'. ते मेसमध्ये बसवायचं. मगदूमला क्षणभर बरंच वाटलं. त्यानं मागचा पत्रा खोलला आणि आत बघतच राहिला. आत काहीच नव्हतं. दुकानाच्या दारात शोभेला ठेवतात ती पेटी. फिल्टरच्या नळ्या होत्या, पण नळ्यांच्या पोटात हवा. आत पंप नाही, मोटार नाही, कोळ्याचं जाळं तेवढं होतं.

"सर, हे रिकामं हाय."

"माहीत आहे मला."

"मग पाणी शुद्ध कसं होणार?"

"मगदूम," गुंजाळ सर हसले, "समिती काय पाना घेऊन येणार आहे का? दिवा लागला पाहिजे आणि नळाला पाणी आलं पाहिजे. तेवढं तुला जमतं की त्यालाही कागद दाखवणार आहेस?"

त्याला जमलं. हीच तर घाण वाटायची गोष्ट, की जमलं, आणि छान जमलं. टाकीच्या लाइनीतून त्यानं अर्धा इंची पाईप आणला, पेटीच्या पाठीतून आत घेतला आणि सरळ पुढच्या नळाला जोडला. दिव्याची वायर वेगळी काढून भिंतीतल्या बोर्डाला लावली. एक थेंब गळत नव्हता. तीन वर्षांत कॉलेजनं त्याच्याकडून मनापासून करून घेतलेलं हे पहिलं काम. पोरांनी हिरवा दिवा बघितला आणि बाटल्या घेऊन रांगच लावली.

"मगदूम, लेका, पुण्य लागेल तुला," एकजण बाटली भरता भरता म्हणाला.

"आता वास पण येत नाही बघ," दुसरा म्हणाला.

वास तोच होता! पाणीही तेच होतं! पण दिवा हिरवा होता ना, मग नाकाला काय किंमत. मगदूम पाना उचलून निघून गेला. स्वतः मात्र तो फाट्यावरच्या पेट्रोल पंपाच्या हापशावरून कॅन भरून आणू लागला. कुणी विचारलं तर म्हणायचा, घसा धरलाय, तिथलं पाणी सोसतं.

समिती यायच्या आदल्या दिवशी नाग्याचा फोन आला.

"काय करलालास बे, अभ्या?"

"काय न्हाई. पाठांतर. मी बोलणार हाय म्हणं उद्या समितीपुढं."

"तू? तुझ्या तोंडातून तर व्हायवाला बी शब्द फुटत न्हाई." नाग्या खिदळला. आवाज अजून बारीकच होता. मग म्हणाला, "ऐक. पुढल्या सोमवारी येलालो मी. बाबा नको म्हणलालेत. डॉक्टर बी म्हणला, आता दुसऱ्यांदा कावीळ झाली तर तुझं लिव्हर ऐकायचं न्हाई. पण पोरांनी ग्रुपवर सांगितलं की आरो बसवलाय. तू बसवलास म्हणं?"

मगदूमनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बसवलास का न्हाई?"

"बसवला," तो म्हणाला.

"बस्स मग. बाबाला बी तेच सांगितलं. अभ्यानं बसवला म्हणल्यावर काय बघायचं. आई तर म्हणली, त्या पोराच्या हातचं विष बी पी तू."

मगदूम हसला. त्याला स्वतःच्या त्या हसण्याची एवढी घाण वाटली की फोन ठेवल्यावर तो बेसिनपाशी जाऊन उगाचच तोंड धूत राहिला. मग त्यानं मनाशी ठरवलं, उद्याचं एकदा पार पडू दे. नाव यादीतून निघू दे. मग सोमवारच्या आधी नाग्याला खरं सांगून टाकू, त्याच्यासाठी कॅनमध्ये पाणी आणू, काहीही करू. उद्यावर ढकललं की आजचा माणूस स्वच्छ राहतो, असं सगळ्यांनाच वाटतं.

समिती आली. फाटकापासून गालिचा, भाड्यानं आणलेल्या कुंड्या, सनईची रेकॉर्ड, पोरींच्या अंगावर त्याच दिवसापुरत्या नऊवारी साड्या. पोरांना ब्लेझर दिले होते. ते मापाचे नव्हते, त्यामुळे निम्मी पोरं वडिलांचे कपडे घातल्यासारखी दिसत होती. समितीचे अध्यक्ष डॉ. अंगडी धारवाडकडचे, पिकल्या केसांचे, बोलायला फार गोड. बरोबर एक बाई आणि एक गृहस्थ. बाईंनी सगळ्या लॅबमधून फिरताना पर्स छातीशी धरली होती आणि गृहस्थ फोनमधून डोकं वर काढत नव्हते. मागे कॉलेजचा फोटोग्राफर उलटा चालत होता.

विद्यार्थ्यांशी बोलायच्या वेळी शिक्षकांनी थांबायचं नसतं, असा नियम आहे. नियम पाळला गेला. सगळे शिक्षक मेसमधून बाहेर गेले, आणि गुंजाळ सर स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोकावत उभे राहिले. खिडकीतून नेहमी भात देतात, आज गुंजाळ सरांचं तोंड होतं. एका मुलीनं ग्रंथालयावर पाठ केलेलं म्हणून दाखवलं. एका मुलानं अण्णासाहेबांची दूरदृष्टी सांगितली. मग मगदूम उभा राहिला.

"आमच्या वसतिगृहात शुद्ध पाण्याची उत्तम सोय आहे," तो म्हणाला. "अत्याधुनिक यंत्र आमच्या विभागाच्या विद्यार्थ्यांनीच बसवलेलं आहे. त्यामुळे विद्यार्थ्यांचं आरोग्य..." पुढचं वाक्य त्याला आठवेना. ते आरोग्याबद्दलच होतं.

"अरे वा!" डॉ. अंगडी उठलेच. "तुम्हीच बसवलंत? दाखवा की हो, दाखवा!"

ते यंत्रापाशी गेले. सगळी गर्दी मागोमाग. हिरवा दिवा लखलखत होता. अंगडींनी स्टीलचा पेला घेतला, नळाखाली धरला, काठोकाठ भरला.

"मी पण हॉस्टेलचा पोरगा बघा," ते सगळ्यांना म्हणाले. "पोरं पितात तेच मी पिणार. आम्हाला काय वेगळं सोनं लागलंय का हो?"

पोरांनी टाळ्या वाजवल्या. पेला ओठाकडे गेला. मगदूम त्यांच्या अगदी शेजारी होता. त्याला पेल्यातल्या पाण्याचा तो ओळखीचा वास आला. हौदाचा, पाईपाचा, दवाखान्यातल्या नाग्याच्या उलटीचा. डोळ्यांपुढे पिवळे डोळे आले. आणि पुढचं त्याचं त्यालाच कळलं नाही.

"सर, नका पिऊ!" तो ओरडला. "पिऊ नका ते! पेटी रिकामी हाय! आत फिल्टर न्हाई, सर, काहीच न्हाई. पाणी सरळ हौदातलं येतंय आणि हौदात संडासाचं पाणी झिरपतंय. माझ्या खोलीतला मुलगा मरता मरता वाचलाय. मीच जोडलंय हे, सर. मला सांगितलं म्हणून जोडलंय."

भाताच्या खिडकीतलं तोंड पांढरंफटक पडलं.

डॉ. अंगडींनी पेला ओठांपासून खाली घेतला. त्यांच्या तोंडावर राग नव्हता, भीती नव्हती, आश्चर्य तर नव्हतंच नव्हतं. त्यांनी मान वळवली आणि मगदूमच्या डोक्यावरून पलीकडे बघत विचारलं,

"फोटो आला का हो?"

"आला सर," फोटोग्राफर म्हणाला. "झकास आला."

"बरं." त्यांनी पेला अलगद यंत्रावर ठेवला, रुमालानं बोटं पुसली. बाईंनी पर्समधून सीलबंद पाण्याची बाटली काढून पुढे केली. गृहस्थांच्याही बॅगेतून तसलीच बाटली डोकावत होती. अंगडींनी बाटलीचं झाकण करकरून फिरवलं, चार घोट घेतले आणि मगदूमच्या खांद्यावर थोपटलं. "धीट पोरगा आहात बघा. असं मोकळं बोलावं. चला, जेवण कुठे आहे?"

ते पिणार नव्हतेच. कधीच पिणार नव्हते. बाटल्या घरून घेऊन आलेले लोक! मगदूम तिथंच उभा राहिला. समिती गेस्ट हाऊसमध्ये जेवायला गेली, तिथं पुरणपोळी होती.

त्याला वाटलं, आता आपलं कंबरडं मोडणार. संध्याकाळी गुंजाळ सरांनी बोलावलं तेव्हा तो मनाची तयारी करूनच गेला. सर खुर्चीत रेलून पेढा खात होते.

"माझा तर जीवच गेला होता, गाढवा!" ते म्हणाले. "पण अंगडीसाहेब म्हणजे देवमाणूस. म्हणाले, मुलांना बोलायचं स्वातंत्र्य आहे तुमच्याकडे, याचे वेगळे गुण देतो. घे, पेढा घे."

"सर, आणि पाणी?"

"कसलं पाणी?"

"हौदाचं, सर."

"ते बघू रे पुढच्या बजेटला. तू आता गप्प बस. ग्रेड कागदावर आली की यादीतून तुझं नाव काढतो. तोवर यादी माझ्या टेबलावर आहे. पेढा घे म्हटलं ना!"

त्यानं पेढा घेतला. बाहेर आल्यावर फेकायचा म्हणून मुठीत धरला आणि फेकला. पण तुपाचा ओशटपणा हाताला राहिला, साबणानं धुतला तरी राहिला. खरं बोललं की काहीतरी घडतं, निदान कुणीतरी चिडतं, असं त्याला लहानपणापासून वाटत आलं होतं. इथं खऱ्याचेसुद्धा गुण मिळाले होते. तेही संस्थेला.

आणि पुढच्या दिवशी फाटकावर मोठा फलक लागला. कॉलेजच्या ग्रुपवर तोच फोटो फिरला. मध्ये डॉ. अंगडी, ओठाशी पेला, वर हिरवा दिवा. शेजारी ढगळ ब्लेझरमधला मगदूम, तोंड उघडं, हात पुढे, कौतुकानं काही समजावून सांगतोय असा. खाली लिहिलं होतं: 'विद्यार्थ्यांनी उभारलेल्या शुद्ध पेयजल प्रकल्पाची प्रशंसा करताना मान्यवर'.

दुपारी नाग्याचा फोन आला.

"अभ्या! फोटो बघितला बे! काय ऐटीत उभा हाईस! बाबाला दाखवला, आईला दाखवला. आई म्हणली, एवढा मोठा माणूस पिलालाय म्हणल्यावर तू कामून घाबरलालास. ऐक, सोमवारची वाट बघत न्हाई. उद्याच्या गाडीनं निघलालो."

"नाग्या..."

"आणि तोंड एवढं उघडून काय सांगलालास रे त्यांला?"

मगदूमनं डोळे मिटले. "नका पिऊ म्हणत होतो," तो म्हणाला.

"आँ?"

"पेटी रिकामी हाय, नाग्या. तेच हौदाचं पाणी हाय. मी नुसता पाईप जोडलाय आणि दिवा लावलाय. डिटेन काढतो म्हणाला गुंजाळ, म्हणून. साहेब प्यायला लागला, तेव्हा मला ऱ्हावलं न्हाई. तू येऊ नकोस."

पलीकडे मागे कुठंतरी नाग्याच्या घरातली शेळी ओरडत होती, तेवढं ऐकू आलं.

"म्हंजे त्या साहेबाला सांगितलास," नाग्या सावकाश म्हणाला. "लगेच सांगितलास. पेला तोंडाला लागायच्या आत."

"व्हय."

"अन् मला रे?"

मगदूम नुसता फोन कानाला दाबून उभा होता. नाग्या चिडला असता, आईबहिणीवरून शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण नाग्याचा आवाज नुसता दमलेला होता.

"बरं, माझं राहू दे. माझं आता कळलं मला. तिथं रांगेत बाटल्या घेऊन उभी हायेत त्यांला कवा सांगणार हाईस? त्यांचे डोळे पिवळे झाल्यावर?" आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळेला मगदूम पाना घेऊन मेसमध्ये आला. पोह्यांची रांग एकीकडे, बाटल्यांची रांग दुसरीकडे. त्यानं कुणाला काही न विचारता यंत्राच्या मागचा कॉक बंद केला आणि नळ उपटून काढला. दिव्याची वायर ओढून तोडली. हिरवा दिवा विझला.

मग काय, झालीच बोंब!

"ए मगदूम, वेड लागलं का रे तुला?"

"फोटो छापून आला तर शहाणा झाला साला!"

"चांगलं शुद्ध पाणी बंद केलंस, आता काय तुझं मूत प्यायचं?"

"तेच पिताय," मगदूम म्हणाला. "माझं एकट्याचं न्हाई, सगळ्या हॉस्टेलाचं. या, दाखवतो."

त्यानं पेटीचा मागचा पत्रा उघडून त्यांना आतलं दाखवलं. मग तो मागच्या दारानं बाहेर पडला. पोरं शिव्या देत देत मागे आली, कुणी हातात पोह्यांची ताटली घेऊनच. हौदाचं लोखंडी झाकण जड होतं. त्यानं पान्याचा दांडा खाली घातला, जोर लावला, आणि झाकण बाजूला सरकलं.

पहिला वास आला, मग दिसलं. भिंतीवरून पिवळट ओघळ येत होते, पाण्यावर साय धरलेली होती. ज्याच्या हातात पोहे होते त्यानं ताटली टाकली आणि भिंतीला धरून ओकायला लागला. मग पहिल्या वर्षाच्या एका पोरीनं आपली भरलेली बाटली उपडी केली. तिचं बघून शेजारच्यानं केली. मग सगळेच ओतू लागले, आणि तेवढाच आवाज येत राहिला.

तेवढ्यात गुंजाळ सर धावत आले. कुणीतरी कळवलंच असणार. "मगदूम!" ते लांबूनच ओरडले. "यादी अजून माझ्या टेबलावर आहे, विसरलास का?"

"असू द्या, सर," मगदूम म्हणाला. त्याच्या डोळ्यांपुढे गिरणीच्या दारात उभे राहिलेले वडील येत होते, पण आवाज फुटला. "तुम्ही इकडं या. अजून जवळ या. त्या दिवशी नागनाथला म्हणाला होता ना, वास येत न्हाई म्हणून?"

पोरांनी बाजूला होऊन वाट दिली. गुंजाळ सर तरातरा पुढे आले, झाकण लावा म्हणून हात वर केला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आणि हौदापासून चार पावलांवर थांबले. सगळं हॉस्टेल त्यांच्याकडे बघत होतं. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि नाकाला लावला.